नेव्हिलची बादली

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

परत तोच! विमानाच्या शिडीवरून उतरतेय तर समोर नेव्हिल, आणि हातात ती बादली. मला न्यायला आला होता म्हणे. बादली कशाला आणलीस विचारलं, तर म्हणतो, "हिला जरा फिरवून आणावं म्हटलं." चाळीस वर्षांच्या नोकरीत एवढा एकच विनोद शिकलाय हा माणूस.

गाडीत बसते न बसते तोच घड्याळाची रड सुरू. मी म्हटलं, सव्वादोन झाले, भूक लागलीये. "तुमच्या अ‍ॅडलेडात झाले असतील सव्वादोन. इथे पावणेतीन झालेत, जेवण संपलं." तेलाची विहीर सरहद्दीच्या पलीकडे क्वीन्सलँडात, म्हणून कॅम्पचं घड्याळ क्वीन्सलँडचं. माझी चाचणीची गाडी, तिच्यातला कॉम्प्युटर आणि मी, तिघं अ‍ॅडलेडचे. अर्धा तास मागे. दर खेपेला हा असा बोलतो, जसा काही तो अर्धा तास मी त्याच्याच खिशातून काढलाय!

मी मुकाट्याने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. तो स्वतः कुणासाठी करत नाही. बहिणीच्या लग्नाला सिडनीला गेला तेव्हाही क्वीन्सलँडच्याच वेळेने गेला. पोचला तेव्हा केक कापून झाला होता. हे तो अभिमानाने सांगतो!

मेसच्या सेलाने माझं ताट झाकून ठेवलं होतं. देव तिचं भलं करो.

२८ सप्टेंबर, शनिवार

मेसमधल्या फळ्यावर माझ्या आधीच लिहून तयार — 'मयतवाली बाई आल्या!!' खाली फुलं काढलेली.

माझा काय दोष? जुलैत टॉफी-एक मेली, ऑगस्टमध्ये बिस्किट-एक मेली. आता ही बिस्किट-दोन. मी मारल्या नाहीत. दाब खाली गेला, मी तो वाचला, बस. (मालक पास्को साहेब आपल्या विहिरींना गेलेल्या कुत्र्यांची नावं देतात. आधी कुत्रं मेलं, मग विहीर. आणि नाव पडलं माझं.)

फळ्यावर दोन रकाने आहेत: जिवंत, मेली. चाचणीआधी प्रत्येकाने आपलं नाव लिहायचं. हरलेल्यांनी आठवडाभर सेलाची पातेली घासायची. 'जिवंत'खाली पहिलं नाव अर्थातच नेव्हिल. तो दर वेळी 'जिवंत'च लिहितो आणि दर वेळी पातेली घासतो. मी काही लिहीत नाही. पंचाने पैज लावू नये.

२९ सप्टेंबर, रविवार

हायडीचा फोन. दर रविवारी तिच्या दहाला, म्हणजे कॅम्पच्या साडेदहाला. मुलगी अगदी बापावर गेलीये, एक मिनिट इकडे-तिकडे नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

सेलाने आज मेंढीचे चॉप तळता तळता विचारलं, "ग्लेनिस, तू त्या गाडीत दिवसभर बसून नक्की करतेस काय?"

टोंगाची बाई आहे, बेटावरची. पावसाच्या टाक्या तिला माहीत आहेत. म्हटलं, समज अंधारात टाकी आहे, केवढी ते दिसत नाही. तू एक बादली पाणी काढलंस. टाकी मोठी असेल तर थोड्या वेळाने पाणी हललंसुद्धा नाही असं दिसेल. लहान असेल तर पातळी खाली गेलेली दिसेल. आम्ही तेच करतो. सव्वादोन किलोमीटर खाली पाइपाच्या तोंडाशी व्हॉल्व्ह असतो. तो उघडायचा, खडकातलं तेल थोडं वाहू द्यायचं, मग बंद करायचा आणि बघत बसायचं — दाब पहिल्या जागेवर परत येतोय का. आला तर टाकी मोठी. थोडा खालीच राहिला तर टाकी लहान, सिमेंट ओता आणि घरी जा.

"आणि नेव्हिल काय करतो?"

"तो बुडबुडे मोजतो."

मोठ्याने हसली. पाइपातून एक रबरी नळी काढून बादलीतल्या पाण्यात सोडायची, खाली व्हॉल्व्ह उघडला की पाण्यात बुडबुडे येतात. त्यांच्या जोरावरून हा महाशय विहिरीची जन्मपत्रिका सांगतो! माझा दाबमापक खाली बसून दर दहा सेकंदांना आकडा वर पाठवतो — पाइपाच्या पोलादातून, आवाजाच्या ठोक्यांनी. दशांश चिन्हापुढचासुद्धा. आणि शेजारी याची निळी प्लास्टिकची बादली.

२ ऑक्टोबर, बुधवार

सगळ्यांना गोळा करून सूचना दिली. चाचणी चालू असताना खोदाईच्या रिगवर आदळआपट करायची नाही, पाना टाकायचा नाही, साखळी ओढायची नाही. आवाज झाला की माझे ठोके हरवतात आणि आलेखात भोक पडतं. भोक पडलं की कॉम्प्युटर दोन्ही टोकं सरळ रेषेने जोडून टाकतो, पण मला ते आवडत नाही.

नेव्हिलने मागून हात वर केला. "शिंक आली तर चालेल का, बाई?"

सगळे फिदीफिदी. डॅरल रिगचा मुख्य, त्याने तरी गंभीर राहावं? तोच सगळ्यात जास्त हसला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पास्को साहेबांचा ब्रिस्बेनहून फोन. नेहमी आधी हवापाणी, मग कुत्र्यांचं, मग काम. आज सरळ कामावर आले.

"ग्लेनिस, ही पण मेली तर मी दुकान बंद करतोय. रिग परत पाठवतो. माणसं जातील आपापल्या वाटेने."

म्हटलं, "जे असेल ते सांगेन."

"ते माहीत आहे गं. म्हणून तर तुला पाठवतो." मग जरा थांबून, "बिस्किट फार गुणी कुत्रा होता."

फोन ठेवला. बाहेर सगळे उन्हात पाइप जोडत होते. अठ्ठावीस माणसं. डॅरलला तिसरं मूल व्हायचंय. सेला दोन भाचरांचं शिक्षण करतेय. नेव्हिल रोमा गावी बहिणीच्या मागच्या खोलीत जाऊन पडेल आणि तिचा जीव खाईल. कुणालाच अजून सांगितलेलं नाही, आणि मला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. ठेवलंय. पण आज जेवण गेलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

बारा वाजता व्हॉल्व्ह उघडला. बादलीत असे बुडबुडे, की पाणी नेव्हिलच्या बुटांवर! "बघ बघ, पोरगी कशी नाचतेय!" मी म्हटलं, बिस्किट-एकमध्येही नाचली होती. तोंड एवढंसं झालं त्याचं. मला उगीचच वाईट वाटलं.

उघडण्याआधीचा दाब ३१४०. हा आकडा लक्षात ठेव, ग्लेनिस. इथे परत यायचंय.

आठ तास वाहू दिली. चांगलं, हलकं तेल. रात्री आठला व्हॉल्व्ह बंद. आता चौदा तास नुसतं बघायचं. नेव्हिल रात्रपाळीला. आपली वही घेऊन गाडीबाहेर खुर्ची टाकून बसलाय. खिडकीतून दिसणारा माझा आकडा दर अर्ध्या तासाने वहीत उतरवतो, शेजारी मनगटावरची वेळ. म्हटलं, अरे, कॉम्प्युटर सगळं साठवतो. "कॉम्प्युटर तुझा आहे. वही माझी आहे." बरं बाबा.

मी झोपायला जाते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय.

६ ऑक्टोबर, रविवार

मेली.

सगळं लिहून काढते, नाहीतर आज स्वस्थता नाही.

सहाला गाडीत आले. आलेखात भलंमोठं भोक! मध्यरात्रीनंतर चांगला तासभर एक ठोका नाही. कॉम्प्युटरने बापड्याने सरळ रेघ ओढून ठेवलेली. माझं टाळकं सटकलं. बाहेर आले आणि नेव्हिलवर घसरले — रात्री कोण आदळआपट करत होतं?

"कुणी नाही. सगळं कसं देवळासारखं शांत होतं."

"मग तासभर आकडे कुठे गेले?"

"आकडे येत होते. मी लिहिलेत." वही पुढे केली. तीनचा आकडा लिहिलेला. माझ्याकडे जिथे काहीच नाही, तिथे याच्याकडे आकडा! म्हणजे डुलकी लागली, आणि मग मनाने लिहून टाकला. मी तसं बोलले. सरळ तोंडावर. डॅरलसमोर.

त्याने वही मिटून खिशात घातली. नेहमीसारखं टोचून बोलला असता तर बरं झालं असतं.

भोक सोडलं तर बाकीची रेघ स्वच्छ होती आणि सरळ सांगत होती: दाब चढतोय, पण दमून. पुढे वाढवून बघितली, दोनदा, तीनदा. ३१२२ च्या वर जायला तयार नाही. अठरा पौंड कमी. बादलीभर तेल काढलं आणि टाकीची पातळी खाली गेली. लहान आहे. मेली.

चौदा तास भरले तशी मी पाइप उचलायला सांगितलं. तर नेव्हिल आडवा! "नऊच वाजलेत. चौदा म्हणाली होतीस. अजून तास आहे."

"स्क्रीनवर चौदा झालेत."

"तुझी स्क्रीन अ‍ॅडलेडची आहे."

"म्हणून मी अर्धा तास मिळवते, नेव्हिल! आज सहा वर्षं मिळवतेय! आता घड्याळसुद्धा मला तू शिकवणार?"

डॅरलने माझ्याकडे बघितलं, नेव्हिलकडे बघितलं आणि पाइप उचलायची खूण केली.

नाश्त्याला बसले तर हायडीचा फोन. म्हटलं, आज तासभर आधी कसा? हसली. "दहालाच केलाय आई, नेहमीसारखा. झोपेत आहेस का?" माझ्या डोक्यात साहेबांना लिहायची चिठ्ठी. नंतर बोलू म्हटलं आणि ठेवला.

चिठ्ठी चारच ओळींची. 'बिस्किट-दोन: टाकी लहान. दाब अठरा पौंड कमी. विहीर बंद करावी. क्षमस्व.' उत्तर पाच मिनिटांत — 'उद्या दहाला सिमेंट. धन्यवाद ग्लेनिस. तुझा दोष नाही.'

संध्याकाळी

फळ्यावरचं 'जिवंत' कुणीतरी पुसलंय. खाली नेव्हिलचं नाव एकटंच उरलंय. तो जेवायला आला नाही. सेलाने मला वाढलं, आणि लगेच पाठ फिरवली. तिला कळलंय. सगळ्यांना कळलंय.

७ ऑक्टोबर, सोमवार

घाईघाईत लिहितेय. अक्षर वाचता येईल ना मला पुढे?

सकाळी मेसमध्ये गेले तर नेव्हिलची वही टेबलावर. विसरला की ठेवून गेला, माहीत नाही. मी उचलली. खोटं कशाला बोलू — त्याची चोरी पकडायला उचलली! मनाने लिहिलेला तो तीनचा आकडा काढायचा, माझ्या आलेखाला लावायचा आणि गप्प करायचं एकदाचं. म्हणजे काल डॅरलसमोर जे बोलले ते खरं ठरेल आणि मला झोप येईल.

त्याचा तीनचा आकडा माझ्याकडे सापडला. चार वाजता. दशांशासकट तोच! साडेतीनचा माझ्या साडेचारला. चारचा पाचला. पुढे सगळे तसेच, शेवटपर्यंत, बरोबर एका तासाने सरकलेले. आणि भोकाच्या आधीचे? तंतोतंत.

मनाने लिहिणाऱ्याला पुढच्या तासाचे आकडे कुठून कळणार?

बसून राहिले. सेला टोस्ट भाजत होती, त्याचा वास आठवतोय. ऑक्टोबरचा पहिला रविवार. अगं बाई! ऑक्टोबरचा पहिला रविवार! अ‍ॅडलेडात उन्हाळ्यासाठी पहाटे दोनला घड्याळ उचलून तीनवर ठेवतात. क्वीन्सलँडात ठेवत नाहीत. कॉम्प्युटर अ‍ॅडलेडचा. त्याने इमानदारीत स्वतःला तासभर पुढे ढकललं — मध्येच, आलेख चालू असताना! तो तास कधी झालाच नव्हता. त्यात ठोके कुठून येणार? आणि मी त्या न झालेल्या तासाबद्दल एका भल्या माणसाला खोटारडा म्हटलं.

काल अर्धा तास मागे नव्हतो आम्ही, अर्धा तास पुढे होतो. आणि मी बसलेय आपली अर्धा तास मिळवत! सहा वर्षं मिळवतेय म्हणे! सहाही वर्षं इथल्या चाचण्या हिवाळ्यातच झाल्या होत्या. दाब तेरा तासांत जिथे पोचला, तिथे मी चौदा तास लिहिले. मग चढ दमलेला दिसणार नाही तर काय?

एवढं कसं सुचलं नाही? कारण घरातली घड्याळं माझा नवरा, कॉलिन, फिरवायचा. तीस वर्षं. त्या शनिवारी झोपायच्या आधी स्टूल घेऊन घरभर. मी कधी लक्षच दिलं नाही. तो गेल्यापासून स्वयंपाकघरातलं घड्याळ उन्हाळाभर तासभर मागे चालतं, मला स्टुलावर चढवत नाही. बाकीची घड्याळं आता आपोआप फिरतात. तो कॉम्प्युटर फिरला तसाच.

गाडीत जाऊन तो तास काढून टाकला. रेघ परत ओढली. ३१३९. पुन्हा ओढली. ३१४०. मी रडले. लिहायला लाज कसली, भोकाड पसरून रडले. मग घड्याळ बघितलं — साडेनऊ! दहाला सिमेंट!

साहेबांना फोन. लागेना. पुन्हा. लागेना. आज ब्रिस्बेनला राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, साहेब होडी घेऊन मासे मारायला. वा!

धावत रिगवर. या वयात, त्या बुटांत. डॅरल म्हणाला, "बाई, माझ्याकडे लेखी हुकूम आहे. काल तुम्हीच लिहिलंत, बंद करा म्हणून."

"काल मी चुकले."

"काय?"

"चुकले म्हणतेय! मी चुकले! नेव्हिलची वही बरोबर आहे, माझा कॉम्प्युटर चुकलाय आणि त्याच्याहून जास्त मी चुकलेय. विहीर जिवंत आहे. अजून किती वेळा म्हणू?"

रिगवर टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. (काल का नाही असे शांत बसलात, म्हणणार होते. बसले होते बिचारे.) डॅरलचा चेहरा असा झाला होता की मला त्याचीच दया आली. हुकूम मोडावा तर नोकरी जाते, पाळावा तर विहीर जाते. "साहेबांचा शब्द आणा, मी थांबतो. नाहीतर दहाला मला सुरू करावंच लागेल."

आणि दहाला सिमेंटच्या ट्रकची किल्ली सापडेना.

ड्रायव्हरने खिसे उलटे केले, केबिन उलटी केली, सीटखाली शिरला. सगळे शोधायला लागले. मी फोनवर फोन करतेय, लागत नाही. पाव तास गेला, अर्धा गेला, पाऊण गेला. नेव्हिल बाजूला बादली उलटी घालून तिच्यावर शांत बसून चहा पितोय. इतक्या वर्षांत त्याला त्या बादलीवर बसलेलं मी पाहिलेलं नाही. तिला कुणी पाय लावला तरी चिडतो!

पावणेअकराला साहेबांचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज, समुद्रपक्ष्यांचा गोंगाट. मी सगळं सांगितलं. एकही शब्द गिळला नाही — भोक, घड्याळ, वही, नेव्हिलला काय म्हटलं ते.

"म्हणजे बिस्किट जिवंत आहे?"

"आहे, साहेब. छान जिवंत आहे."

"आणि हे त्या बादलीवाल्याने पकडलं?"

"त्याच्या वहीने. मी तर त्याला खोटं ठरवायला निघाले होते."

हसायला लागले. हसता हसता नाक ओढल्यासारखा आवाज आला. "डॅरलला दे फोन. तेल काढायला पोलादी अस्तर घाला म्हणावं, सिमेंट परत पाठवा."

ट्रक परत पाठवायचा म्हटल्यावर नेव्हिल उठला, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि बादली सरळ केली. खाली मातीत किल्ली. "अरेच्चा," म्हणाला. "इथे कुणी टाकली?"

८ ऑक्टोबर, मंगळवार

एक गोष्ट काल रात्रीपासून खात होती. टॉफी? बिस्किट-एक? त्या पण मी अशाच पुरल्या असतील तर? पहाटे उठून दोन्ही आलेख पुन्हा काढले. जुलै, ऑगस्ट. कुठे भोक नाही, कुठे घड्याळ सरकलेलं नाही. खरोखरच मेल्या होत्या. बरं वाटलं, आणि मग बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं.

मेसमध्ये सगळ्यांसमोर नेव्हिलची माफी मागितली. उभं राहून. पाठ करून गेले होते, दुसऱ्या वाक्याला विसरले. तो मान खाली घालून टोस्टला व्हेजिमाइटचा काळा लेप लावत होता. लावतच राहिला. टोस्ट पार काळा झाला. शेवटी म्हणाला, "म्हणून आम्ही घड्याळं फिरवत नाही, बाई. पडद्यांचे रंग उडतात, गायी गोंधळतात, आणि विहिरी मरतात."

मेस हसून हसून लोळली. मी पण.

पातेली मी घासतेय. पैज लावली नव्हती, पण घासतेय. सेला म्हणते, हात चांगला आहे तुझा, कॉम्प्युटर सोड.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या निघायचं. अस्तर खाली गेलं. फळ्यावर नवीन लिहिलंय — 'मयतवाली बाई रिटायर. सुईणबाई रुजू.'

नेव्हिल माझे डबे गाडीत चढवत होता तेव्हा दिसलं, खिडकीतला आकडा वाचायला तो काचेला नाक लावतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. पाच वर्षं अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांची तारीख पुढे ढकलतोय. का रे बाबा? तर म्हणे ऑपरेशननंतर ते एकट्याला सोडत नाहीत, रात्रभर कुणीतरी सोबत लागतं. "अ‍ॅडलेडात माझं कोण आहे? बादलीला तर आत घेणार नाहीत."

याच डोळ्याने तो रात्रभर अर्ध्या-अर्ध्या तासाने माझे आकडे उतरवत बसला होता.

मी डबे मोजले, 'काळजी घे' म्हटलं. काळजी घे! अठ्ठावन्न वर्षांची बाई, आणि एवढंच सुचलं?

१२ ऑक्टोबर, शनिवार

विमानात स्वतःला शंभर शिव्या घातल्या. उतरल्याबरोबर फोन केला, म्हटलं, माझ्याकडे ये, सोबत मी राहीन. म्हणाला, विचार करून सांगतो.

२४ नोव्हेंबर, रविवार. अ‍ॅडलेड

सकाळी चहा ठेवायला गेले तर स्वयंपाकघरातलं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. मी हात लावलेला नाही. एका डोळ्यावर पट्टी असताना नेव्हिल स्टुलावर चढला, मूर्ख! त्याच्या मनगटावर अजून क्वीन्सलँडच आहे. असू दे. जेवायला आम्ही एकाच वेळी बसतो.